'डार्कलिंग' : अंधारात नेमके कोण?

इंग्रजी कवितेत अधूनमधून भेटणारा आणि बोलण्यात जवळजवळ कधीच न येणारा 'डार्कलिंग' हा एक शब्द आहे. इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला तो बहुधा तीन ठिकाणी भेटतो : कीट्सच्या 'ओड टू अ नाइटिंगेल'मध्ये, मॅथ्यू आर्नल्डच्या 'डोव्हर बीच'च्या शेवटी आणि टॉमस हार्डीच्या 'द डार्कलिंग थ्रश' या कवितेच्या शीर्षकात. या तिन्ही कविता मी शिकवल्या आहेत. त्यांतला हा एक शब्द मात्र मी बरीच वर्षे चुकीचा शिकवला, आणि कीट्सच्या कवितेचे मराठी भाषांतर करताना तो चुकीचा छापूनही घेतला. ती चूक कशी झाली आणि ती उमजल्यावर काय काय हाती लागले, ते इथे मांडते. भाषांतर करणाऱ्यांना आणि वर्गात कविता शिकवणाऱ्यांना त्यातले काही उपयोगी पडावे.

वर्गात मी सांगत असे, "शब्दाच्या शेवटी '-इंग' आहे, तेव्हा हे धातुसाधित विशेषण. 'सिंगिंग बर्ड' म्हणजे गाणारा पक्षी, तसे 'डार्कलिंग' म्हणजे अंधारत जाणारा." मुले लिहून घेत. एका वर्षी शेवटच्या बाकावरची एक विद्यार्थिनी तास संपल्यावर पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, इथे तळटीपेत नुसते 'अंधारात' असे दिले आहे. तुम्ही 'अंधारत जाणारा' सांगितलेत. परीक्षेत काय लिहू?" मी तिला म्हटले, "तळटिपा थोडक्यात असतात. 'डार्कल' असे क्रियापद आहे, शब्दकोशात बघ." तिने बघितले. तसे क्रियापद खरेच आहे, 'अंधारणे, काळवंडणे' असा त्याचा अर्थही दिलेला आहे. माझे म्हणणे शाबीत झाले आणि ती गप्प बसली. मला आज खटकते ते हेच. तिची शंका बरोबर होती आणि शब्दकोश दाखवून मी ती मोडून काढली होती.

शब्दकोशातली ती नोंद मी स्वतः शेवटपर्यंत वाचली ती त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, दुसऱ्याच कामासाठी. 'डार्कलिंग' हा शब्द पंधराव्या शतकापासून इंग्रजीत आहे. 'डार्कल' हे क्रियापद एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे. म्हणजे ज्या धातूपासून शब्द तयार झाला असे मी सांगत होते, तो धातू शब्दानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी जन्माला आला. लेक आईपेक्षा वयाने मोठी! तेव्हा मूळ शब्दाची घडण दुसरीच असली पाहिजे.

ती अशी आहे. जुन्या इंग्रजीत '-लिंग' असा एक क्रियाविशेषण करणारा प्रत्यय होता. (देवनागरीत लिहिताना तो पुल्लिंग-स्त्रीलिंगातल्या लिंगासारखा दिसतो, त्याला इलाज नाही.) क्रिया कोणत्या दिशेने, कोणत्या स्थितीत घडते हे तो दाखवी. 'हेड'पासून 'हेडलिंग', म्हणजे डोके पुढे करून. 'साइड'पासून 'साइडलिंग', म्हणजे कुशीकडून, तिरके. 'ग्रॉव्हलिंग' म्हणजे तोंड जमिनीकडे करून, पालथे. आणि 'डार्क'पासून 'डार्कलिंग', म्हणजे अंधारात असताना. फोड 'डार्कल + इंग' अशी नाही, 'डार्क + लिंग' अशी आहे. विद्यार्थिनीच्या पुस्तकातली दोन शब्दांची तळटीप अगदी बरोबर होती.

पुढे हा प्रत्यय इंग्रजीत मरत गेला आणि लोकांना तो ओळखू येईनासा झाला. प्रत्यय मेला की त्याच्या ताब्यातले शब्द अनाथ होतात, आणि बोलणारे त्यांना जवळच्या दुसऱ्या कुठल्या तरी कुटुंबात घालतात. 'हेडलिंग'चे 'हेडलाँग' झाले आणि 'साइडलिंग'चे 'साइडलाँग'. 'लाँग' हा ओळखीचा शब्द कानाला बरा वाटला, इतकेच. दुसऱ्या बाजूने, शेवटी 'इंग' ऐकू येते म्हणून माझ्यासारख्यांनी ही क्रियापदांची रूपे मानली आणि शेपूट कापून नवी क्रियापदे तयार केली. 'ग्रॉव्हलिंग'मधून 'ग्रॉव्हल' (लोटांगण घालणे, लाचारी करणे) सोळाव्या शतकाच्या अखेरीस, 'साइडलिंग'मधून 'साइडल' (अंग चोरून कडेने सरकणे) सतराव्या शतकाच्या अखेरीस, आणि सर्वांत शेवटी 'डार्कल'. तिन्ही क्रियापदे चुकीच्या फोडीतून आलेली आहेत, आणि आज तिन्ही शुद्ध इंग्रजी आहेत.

त्याच उच्चाराचा दुसरा एक '-लिंग' मात्र इंग्रजीत जिवंत राहिला. तो नामे करतो आणि बहुधा लहानपण किंवा कमीपणा दाखवतो : 'डकलिंग' म्हणजे बदकाचे पिल्लू, 'सॅपलिंग' म्हणजे रोपटे, 'अंडरलिंग' म्हणजे हाताखालचा क्षुल्लक माणूस. 'डार्लिंग'सुद्धा यातलाच, 'डिअर'पासून झालेला. वर्गात 'डार्कलिंग' फळ्यावर लिहिले की मागून 'डार्लिंग'चा हशा येतोच. हल्ली आणखी एक उत्तर येते. ली बार्डुगो यांच्या 2012 सालच्या 'शॅडो अँड बोन' या कादंबरीत 'द डार्कलिंग' नावाचे पात्र आहे आणि तिच्यावरची मालिका मुलांनी पाहिलेली असते. तिथे हा शब्द सरळ नाम आहे, 'अंधाराचा माणूस' अशा अर्थाचा. एका मेलेल्या प्रत्ययाच्या जागी नावाची पाटी तीच ठेवून दुसरा प्रत्यय राहायला आला, असे म्हणता येईल. मुले चुकतात असे मी आता म्हणत नाही. फक्त कीट्सच्या कवितेत हा माणूस नाही, एवढे सांगते.

डॉक्टर जॉन्सन या माणसाबद्दल माझा आदर याच शब्दामुळे वाढला. 1749 साली आलेल्या त्यांच्या 'द व्हॅनिटी ऑफ ह्यूमन विशेस' या दीर्घ कवितेत, शेवटाकडे, त्यांनी हा शब्द स्वतः वापरला आहे. अज्ञानात निवांत बसलेला असहाय माणूस नशिबाच्या लोंढ्याबरोबर अंधारात गडगडत जाणार का, असा तिथे प्रश्न आहे. सहा वर्षांनी, 1755 मध्ये, त्यांचा प्रसिद्ध शब्दकोश बाहेर पडला. त्यात या शब्दाखाली अर्थ बरोबर दिला आहे, अंधारात असलेला, प्रकाशावाचून असलेला. आणि हा केवळ काव्यात चालणारा शब्द आहे असा शेराही मारला आहे. व्युत्पत्ती देताना मात्र ते अडखळतात. हे 'डार्कल' या क्रियापदाचे रूप असावे असे दिसते, पण ते क्रियापद आपल्याला कधीच आढळले नाही, असे ते लिहितात. नाही तर 'यंग'वरून 'यंगलिंग' होते तसे काहीतरी असेल, अशी पुस्ती जोडतात. दोन्ही तर्क चुकले. पण 'आढळले नाही' हे त्यांनी कोशात लिहून ठेवले. माझ्यापुढे तोच प्रश्न आला तेव्हा मला क्रियापद सापडले, आणि ते केव्हाचे आहे हे पाहण्याची गरज मला वाटली नाही.

जॉन्सनना न आढळलेले ते क्रियापद पुढच्या पिढ्यांनी पुरवले. बायरनच्या 'डॉन ज्युअन'च्या 1823 साली प्रसिद्ध झालेल्या सहाव्या सर्गात ते 'स्पार्कल'शी यमक साधत येते. संतापलेल्या राणीचे डोळे चमकतात आणि कपाळावरच्या शिरा फुगून काळवंडतात, असा प्रसंग आहे. बायरनचा एकूण बाज पाहता यमकाच्या ओढीनेही शब्द आला असेल. काही असो, तेव्हापासून 'डार्कलिंग'ला अंधारत जाण्याचा अर्थही खऱ्या हक्काने चिकटू लागला.

अशा उलट्या व्युत्पत्तीची मराठी वाचकाला ओळख नाही असे नाही. संस्कृतातला 'असुर' हा शब्द ऋग्वेदात वरुणासारख्या देवांनाही लावलेला आहे, आणि अवेस्तातल्या 'अहुर'शी त्याचे नाते आहे. त्यात नकाराचा 'अ' नाही. पण तो आहे असे पुढे समजले गेले, 'अ' काढून टाकला गेला, आणि 'सुर' म्हणजे देव हा नवा शब्द मिळाला. 'विधवा'चेही तसेच. तो शब्द लॅटिन 'विदुआ' आणि इंग्रजी 'विडो' यांच्या कुळातला आहे; एकटे पडणे, वाचून असणे हा त्याचा मूळ भाव. 'वि + धव' अशी फोड झाली आणि 'धव' म्हणजे पती हा शब्द तयार झाला, मग त्यावरून 'सधवा'. हळदीकुंकवाच्या समारंभात आपण ज्या शब्दाने बायकांचे दोन गट पाडत आलो, त्याच्या मुळाशी एक चुकलेली फोड आहे. (हा विषय वेगळा, पण वर्गात सांगितला की मुली बराच वेळ बोलत राहतात.)

आता कवितांकडे वळू. माझ्यासाठी खरा प्रश्न तिथला आहे. 'डार्कलिंग' म्हणजे 'अंधारात असताना' हे एकदा ठरले की वाक्यात लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : अंधारात कोण आहे? प्रत्येक कवीने त्याचे उत्तर वेगळे दिले आहे.

शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये रात्रीच्या रानात डिमिट्रियस हेलेनाला झिडकारून निघून जातो, तेव्हा ती विनवते की मला अशी अंधारात टाकून जाऊ नकोस. इथे अर्थ शब्दशः आहे : रान, रात्र, एकटी मुलगी. 'किंग लिअर'मध्ये विदूषक म्हणतो, मेणबत्ती विझली आणि आपण अंधारात राहिलो. त्याचा रोख म्हाताऱ्या राजाने आपल्या हाताने विझवलेल्या राज्याकडे आहे. एकदा पावसाळ्यात भर तासाला वीज गेली, आभाळ इतके भरून आले होते की फळा दिसेना, आणि त्या वेळी मी नेमकी ही ओळ शिकवत होते. विदूषकाचे ते वाक्य समजावून सांगावे लागले नाही असा तो एकच तास. तिसरे ठिकाण 'अँटनी अँड क्लिओपात्रा'. मरणोन्मुख अँटनीला समोर आणलेले पाहून क्लिओपात्रा सूर्यालाच सांगते की स्वतःचा गोल जाळून टाक, जगाचा किनारा अंधारात उभा राहू दे. एक मुलगी, एक राजघराणे, सारे जग. शब्द तोच आणि रूपही तेच. तिन्ही ठिकाणी तो क्रियाविशेषण आहे. सोडणे, राहणे, उभे असणे या क्रियांना तो लागतो.

मिल्टनपाशी हा शब्द वेगळ्या तोलाचा होतो. 'पॅरडाइज लॉस्ट' 1667 मध्ये छापले गेले, आणि त्याआधी कित्येक वर्षे कवीची दृष्टी पूर्ण गेलेली होती. महाकाव्य त्याने इतरांकडून लिहवून घेतले. तिसऱ्या पर्वाच्या आरंभी तो प्रकाशाला आवाहन करतो; ऋतू परत येतात, पण आपल्याला दिवस परत येत नाही, असे सांगतो. तिथेच तो स्वतःच्या काव्यरचनेला एका जागत्या पक्ष्याची उपमा देतो, गर्द सावलीत दडून अंधारात गाणाऱ्या पक्ष्याची. अंधारात पक्षी आहे आणि अंधारात कवी आहे, आणि दोघेही त्याच अंधारात गातात. इथे 'डार्कलिंग'चे भाषांतर 'अंधारत जाणारा' केले तर सगळेच कोसळते. मिल्टनचा अंधार वाढत नाही, तो आहेच. या ठिकाणी मराठीला एक देणगी फुकट मिळते. आपला 'अंधार' हा 'अंधकारा'तून आलेला, म्हणजे त्याच्या पोटात 'अंध' आहे. 'अंधारात गाणारा पक्षी' असे साधे लिहिले तरी आंधळा कवी त्या शब्दात आपोआप येऊन बसतो. इंग्रजी 'डार्क'मध्ये तो असा ऐकू येत नाही.

कीट्सने 'पॅरडाइज लॉस्ट'चा कसून अभ्यास केला होता. समासात टिपणे केलेली त्याची प्रत आजही जपलेली आहे. 'ओड टू अ नाइटिंगेल' त्याने 1819 च्या वसंतात लिहिली, तेविसाव्या वर्षी. आदल्या डिसेंबरमध्ये त्याचा धाकटा भाऊ टॉम क्षयाने गेला होता. ज्याच्या घरी तो राहत होता त्या चार्ल्स ब्राउनने लिहून ठेवले आहे की कीट्स सकाळी खुर्ची घेऊन बागेतल्या प्लमच्या झाडाखाली दोन-तीन तास बसला आणि परतला तेव्हा हातात कागदाचे कपटे होते. म्हणजे कवितेतली रात्र सकाळच्या उन्हात लिहिलेली आहे.

त्या कवितेच्या पाचव्या कडव्यात बोलणाऱ्याला पायांजवळची फुले दिसत नाहीत. कोणते फूल कुठे असेल याचा तो वासावरून अंदाज घेतो. सहावे कडवे सुरूच होते ते 'डार्कलिंग' या शब्दाने, आणि लगेच पुढे ऐकण्याची क्रिया येते. आता मिल्टनशी ताडून पाहा. मिल्टनच्या अंधारात गाणारा पक्षी होता. कीट्सने तोच पक्षी आणि तोच शब्द घेतला, पण शब्द पक्ष्यावरून काढून ऐकणाऱ्यावर ठेवला. डोळे निकामी झालेला एक माणूस उभा आहे आणि त्याला फक्त कान उरले आहेत. मी भाषांतरात लिहिले होते, 'अंधारत चाललेला मी'. त्याने झाले असे की तो माणूस खिन्न, मावळत जाणारा वाटू लागला. पाचव्या कडव्यातला न दिसण्याचा धागा तुटला आणि ऐकणे हे न दिसण्यातून येते, हा कवितेचा आतला दुवाच गेला. याच कडव्यात पुढे मृत्यूची ओढ आहे, तेव्हा काळवंडण्याचा अर्थ अगदीच परका नाही, असा बचाव मी काही दिवस स्वतःपाशी करून पाहिला. तो टिकला नाही. मृत्यूची गोष्ट पुढच्या ओळीत येते, आणि ती या अंधारात उभे राहून ऐकत असल्यामुळे येते.

त्याच भाषांतरात मी नाइटिंगेलला 'बुलबुल' म्हटले होते. फारसीत बुलबुल म्हणजे नाइटिंगेलच, पण आपल्या अंगणात येणारा बुलबुल वेगळा पक्षी आहे आणि तो दिवसा ओरडतो. मराठी वाचकाने रात्रीच्या रानात बुलबुल ऐकायचा म्हणजे अंधारही खोटा आणि पक्षीही खोटा. आता मी 'नाइटिंगेल' असेच ठेवते.

आर्नल्डची 'डोव्हर बीच' 1867 मध्ये प्रसिद्ध झाली. शेवटी जग हे एक अंधारातले मैदान होते आणि त्यावर कोण कोणाशी लढतो आहे हे न कळणारी सैन्ये रात्री एकमेकांवर आदळतात. थुसिडिडीजच्या इतिहासात सिराक्यूजजवळच्या रात्रीच्या लढाईचे जे वर्णन आहे, ज्यात सैनिकांना आपला कोण आणि शत्रूचा कोण हे ओळखता येईना, त्याची ही आठवण मानली जाते. इथे 'डार्कलिंग' मैदानाला लागलेले सरळ विशेषण आहे. क्रियाविशेषणाचे विशेषण कसे झाले याचा विद्यार्थ्यांना अचंबा वाटतो. त्यांना मी आपला 'अनवाणी' शब्द देते. 'ती अनवाणी आली' यात तो येण्याची रीत सांगतो आणि येणारीची अवस्थाही सांगतो. तिथून 'अनवाणी पाय' हे पाऊलभर अंतरावर आहे. 'तो पालथा पडला, ती पालथी पडली', 'तो चांगला गातो, ती चांगली गाते' हीसुद्धा पाहा. क्रियाविशेषण अविकारी असते असे शाळेत पाठ केलेले असते, आणि मराठी बोलताना आपण ते राजरोस कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो. क्रियेची रीत आणि कर्त्याची स्थिती यांत मराठी फार कडक भिंत घालत नाही. इंग्रजीच्या व्याकरणाने गोंधळलेला मुलगा 'अनवाणी'वरून 'डार्कलिंग' लगेच समजतो.

हार्डीची गोष्ट सर्वांत मजेची आहे. 'द डार्कलिंग थ्रश' ही कविता 29 डिसेंबर 1900 रोजी 'द ग्राफिक' या साप्ताहिकात आली तेव्हा तिचे शीर्षक वेगळे होते. शतकाच्या मृत्युशय्येपाशी, अशा अर्थाचे. पुढच्या वर्षी संग्रहात घेताना हार्डीने ते बदलले. आणि संपूर्ण कवितेत 'डार्कलिंग' हा शब्द एकदाही नाही! तो फक्त शीर्षकात आहे, आणि तोही मागाहून आलेला. थंडीची संध्याकाळ, गोठलेली जमीन, मावळते शतक, आणि या सगळ्यात एक म्हातारा, रोडका, वाऱ्याने पिसे विस्कटलेला थ्रश दाटत्या अंधारावर आपले गाणे झोकून देतो. मिल्टन आणि कीट्स वाचलेल्या माणसाला हे शीर्षक वाचताच नाइटिंगेल आठवणार, हे हार्डीला ठाऊक असणारच. पण त्याचा पक्षी रात्रीचा गायक नाही, मध्ययुगीन दंतकथांतला नाही. कुंपणावरचा साधा पक्षी आहे. आपल्या सह्याद्रीत पहाटे शीळ घालणारा कस्तुर ज्यांनी ऐकला आहे, त्यांनी 'थ्रश'साठी 'कस्तुर' म्हणायला हरकत नाही. तो हार्डीचा पक्षी नव्हे, पण मराठीत थ्रशला हेच नाव आहे आणि बुलबुलाइतकी मोठी फसवणूक त्यात होत नाही.

1900 साली 'डार्कल' क्रियापद भाषेत रुळून गेले होते. म्हणून इथे, आणि माझ्या मते फक्त इथे, दोन्ही अर्थ एकदम घेता येतात : अंधारात असलेला थ्रश आणि अंधारत जाणारा, संपत आलेला थ्रश. कवितेत संध्याकाळ होते आहे, रात्र झालेली नाही. पक्षीही म्हातारा आहे. माझी जुनी चूक इथे अर्ध्याने खरी ठरते. पण शेवटचे कडवे वाचले की शीर्षक उलटे फिरते. पक्ष्याला कसली तरी आशा ठाऊक असावी आणि आपल्याला ती ठाऊक नाही, असे बोलणारा कबूल करतो. मराठीतही आपण म्हणतो, 'मला अंधारात ठेवले'. जॉन्सनचा असहाय माणूस याच अर्थाने अंधारात होता. तेव्हा शीर्षकात पक्षी अंधारात आहे आणि कविता संपताना माणूस.

राहिला माझ्या भाषांतराचा प्रश्न. कडव्याचा पहिला शब्द 'अंधारात' असा ठेवला की अर्थ आणि जागा दोन्ही साधतात. मराठीत शब्दक्रमाची मोकळीक असल्याने ते सहज जमते. हरवतो तो शब्दाचा जुनेपणा. 'डार्कलिंग' कीट्सच्या काळीही रोजचा शब्द नव्हता, आणि 'अंधारात' हा शब्द तर वीज गेली की घराघरांतून ऐकू येतो. म्हणून मी जुन्या सप्तमीकडे वळले. 'घरीं', 'वनीं', 'मनीं' यांच्या धर्तीवर 'अंधारीं' असे रूप नियमाने होते, एका शब्दात 'अंधारामध्ये' असा अर्थ देते आणि कानाला जुनेही लागते. 'अंधारीं मी ऐकते' असे लिहून पाहिले (बोलणारा पुरुष आहे हे लक्षात आल्यावर 'ऐकतो' केले) आणि फार समाधान वाटले.

मग कागद पुन्हा पाहिला. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. आज छापताना ते रूप 'अंधारी' असेच छापले जाणार, आणि आजचा वाचक 'अंधारी खोली'तले विशेषण म्हणून ते वाचणार, नाही तर डोळ्यांपुढे अंधारी आली असे समजणार. सप्तमीचा जुना प्रत्यय त्याला ओळखू येणार नाही, म्हणून तो शब्दाला जवळच्या ओळखीच्या घरात नेऊन बसवील. 'डार्कलिंग'चे जे झाले तेच 'अंधारी'चे होईल.

त्या विद्यार्थिनीला, आता ती स्वतः शिक्षिका आहे, मी हे सगळे फोनवर सांगितले. तळटीप बरोबर होती हेही सांगितले. ती हसली आणि म्हणाली, "मॅडम, परीक्षेत मी 'अंधारात' असेच लिहिले होते." भाषांतराच्या नव्या मसुद्यात सध्या मी अनुस्वार ठेवला आहे आणि समासात पेन्सिलीने 'अंधारात' असे लिहून ठेवले आहे.